लायब्ररीतलं प्रेत स्वच्छ दिसावं म्हणून

२६ डिसेंबर १९८४ ला बीबीसीवर अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथेवरच्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’ या मालिकेचा पहिला भाग लागला आणि उरलेले दोन भाग पुढच्या दोन रात्री दाखवले गेले. कर्नल बँट्रींच्या वाड्यात, लायब्ररीतल्या शेकोटीपुढच्या गालिच्यावर एका सोनेरी केसांच्या मुलीचं प्रेत सापडतं आणि मिसेस बँट्री आपल्या मैत्रिणीला, मिस मार्पलना, बोलावून घेतात. तिथून पुढे सुमारे अडीच तास ही म्हातारी काही धावपळ करत नाही. ती बघते. कपडे बघते, हात बघते, बोलता बोलता कोण कुणाकडे चोरून पाहतंय ते बघते. आपल्यालाही तेच करायचं असतं. म्हणून हाणामारीच्या सिनेमात चित्र थोडं धुरकट असलं तरी चालतं, पण खुनाच्या रहस्यकथेत धुरकट चित्र म्हणजे धुतला गेलेला पुरावा. (या कथेत मुलीच्या नखांकडे लक्ष ठेवा. यापुढे मी काही सांगणार नाही.)

ही मालिका आईला दाखवायची म्हणून मी हौसेने मागवली. घरी नवा ५५ इंची टीव्ही. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, “ही बाई मेणाची का दिसते गं?” मी डिस्क विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पण डिस्क उत्तम होती. टीव्ही दुकानात होता तसाच, भडक मोडवर चालू होता आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना ‘खराबी’ समजून पुसत होता. मिस मार्पल साकारणाऱ्या जोन हिक्सन १९०६ सालच्या, म्हणजे पहिला भाग लागला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा निम्मा अभिनय त्या सुरकुत्यांमध्ये आणि निळ्या डोळ्यांमध्ये आहे. तोच पुसला गेला तर उरतं काय?

म्हणून माझा पहिला सल्ला असा की नवी डिस्क मागवण्याआधी रिमोट हातात घ्या. त्याला एक पैसाही लागत नाही.

पहिली पायरी: टीव्हीची खोड मोडा

चित्राचा मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यापैकी जो असेल तो लावा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ हे मोड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसण्यासाठी असतात. सिनेमा मोड लावल्यावर पहिले दोन दिवस सगळं पिवळसर वाटेल. धीर धरा, डोळे रुळतात. तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून बघितलात तर तोच निळा आणि आजारी वाटेल.

मग ‘नॉइज रिडक्शन’ आणि त्याच्या जोडीचं ‘एमपेग नॉइज रिडक्शन’ पूर्ण बंद. मेणाचा चेहरा इथूनच येतो. ‘शार्पनेस’ खाली आणा. बहुतेक टीव्हींवर तो शून्याच्या जवळ असला की चित्र जसंच्या तसं दिसतं, पण काहींचा तटस्थ आकडा मधला, म्हणजे ५० असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या आकाशापुढे काळी फांदी किंवा छपराची कड दिसेल असं दृश्य थांबवा आणि शार्पनेस हळूहळू खाली घ्या. कडेभोवतीची पांढरी रेघ जिथे नाहीशी होते तो तुमचा आकडा.

तिसरी गोष्ट म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सॅमसंगवर तिला ऑटो मोशन प्लस म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. नावं मोठी आणि काम एकच, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसडायचं. चाळीस वर्षांपूर्वीची देखणी मालिका त्यामुळे कालच्या लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसू लागते. बंद करा.

आता आकार. १९८४ ची ही मालिका ४:३ आहे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकटीतली. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच आणि दिसायलाच हवेत. घरातलं कुणीतरी ‘पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत ना’ म्हणून चित्र ताणायला सांगतं. ताणलं की माणसं बुटकी आणि जाडी होतात. ‘झूम’ लावलं तर वरचा आणि खालचा मिळून उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. टेबलावरचं पत्र, हातातला पेला आणि दाराच्या मुठीवरचा हात चौकटीच्या तळाशी असतात, आणि झूममध्ये नेमके तेच जातात. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा, टीव्हीचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा ४:३. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशी सोय असेल तर ती चालू करा. नाहीतर चारही कडांची एक पातळ पट्टी टीव्ही गुपचूप गिळतो.

दुसरी पायरी: मालिका कशावर चित्रित झाली ते शोधा

घरच्या चित्राची कमाल मर्यादा इथेच ठरते, आणि ती कुठल्याही रिमोटने वाढत नाही.

त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीवर दोन रीती होत्या. एक म्हणजे स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर आतली दृश्यं घ्यायची आणि बाहेरची तेवढी १६ मिमी फिल्मवर. इयन कारमायकेल यांनी हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्सी साकारलेल्या १९७२ च्या पाच भागांच्या ‘क्लाउड्स ऑफ विटनेस’मध्ये हे उघड दिसतं. दिवाणखान्यात चित्र सपाट, लखलखीत आणि गुळगुळीत असतं. पात्र दार उघडून अंगणात पाऊल टाकतं आणि चित्र एकदम दाणेदार, मऊ होतं. डिस्क बिघडलेली नसते, तेव्हाची कामाची पद्धतच ती होती. व्हिडिओ टेपवर जे नोंदलं गेलं ते ६२५ रेषांच्या पाल या ब्रिटनमधल्या तेव्हाच्या प्रसारण पद्धतीत, आणि त्यातल्या चित्राच्या रेषा फक्त ५७६. त्यापलीकडचा तपशील जगात कुठेच शिल्लक नाही. अशा मालिकेची चांगली डीव्हीडी मिळाली की शोध थांबवावा. ‘एचडी’ म्हणून कुणी विकत असेल तर तो पाणी घालून दूध वाढवतोय.

दुसरी रीत म्हणजे सगळंच्या सगळं फिल्मवर. हिक्सन यांची मिस मार्पल या जातीची. १९८४ ते १९९२ या काळात बारा कथा झाल्या आणि सगळ्या १६ मिमीवर. हॅम्पशायरमधलं नेदर वॉलप हे खरंखुरं खेडं तिथे मिस मार्पलचं गाव, सेंट मेरी मीड, झालं आहे. प्रसारणासाठी तेव्हा फिल्मवरून व्हिडिओ टेप तयार केली जाई आणि सुरुवातीच्या कॅसेट-डीव्हीडींच्या मुळाशी बहुधा अशी टेप असते. पण मूळ फिल्म जपलेली असेल तर ती आजच्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येते आणि त्या काळी कुणाच्याही घरी न दिसलेला तपशील बाहेर येतो. या मालिकेचं ब्लू-रे निघू शकलं ते त्यामुळेच.

मात्र अपेक्षा बेताची ठेवा. १६ मिमीची चौकट, म्हणजे फिल्मवरचं एक चित्र, साधारण १० मिलिमीटर रुंद आणि साडेसात उंच असते, बोटाच्या नखाएवढी. ३५ मिमीच्या चौकटीच्या साधारण एक चतुर्थांश. ती भिंतीएवढ्या टीव्हीवर पसरली की फिल्मचा दाणा दिसणारच. आपल्याकडे अँटेना हलला की टीव्हीवर ‘मुंग्या’ यायच्या, त्यामुळे दाणा दिसला की आपला हात आपोआप टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायला जातो. पण मुंग्या म्हणजे सिग्नल नसणं, आणि दाणा म्हणजे खुद्द फिल्म. चेहऱ्याची कांती, लोकरीचा पोत आणि विटांचा खडबडीतपणा त्या दाण्यातच साठवलेला असतो. तो घासून काढला की ही सगळी माणसं मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात पोचतात.

तिसरी पायरी: वेष्टनाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला ‘रिमास्टर्ड’ लिहायला कुणाचं काही जात नाही. उपयोगाचं सगळं मागे बारीक अक्षरात असतं. दुकानात असाल तर भिंग न्या, ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटो मागा. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

आधी प्रदेश बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते. डीव्हीडीच्या नकाशात अमेरिका १, ब्रिटन २ आणि भारत ५. ब्लू-रेच्या नकाशात अमेरिका ए, ब्रिटन बी आणि भारत सी. म्हणजे ब्रिटिश डिस्क आणि भारतीय प्लेअर यांची पत्रिका कागदावर कुठेच जुळत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ डिस्क प्रदेशमुक्त असतात, आणि पुष्कळ साधे डीव्हीडी प्लेअर सगळंच वाजवतात. ब्लू-रे प्लेअर मात्र जास्त हट्टी. घेण्याआधी आपल्या प्लेअरचं मॉडेल आणि डिस्कवरचं चिन्ह दोन्ही ताडून बघा. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश फक्त पाचदा बदलता येतो आणि पाचव्या खेपेला तो कायमचा तिथेच अडकतो. उत्साहाच्या भरात मी एक ड्राइव्ह असा अमेरिकेत सोडून आले आहे.

मग वेग, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. ब्रिटिश टीव्हीसाठीची फिल्म सेकंदाला २५ चौकटींनी चित्रित होई, कारण तिथलं प्रसारण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं. आपलंही तेच, दूरदर्शनही पाल पद्धतीचंच होतं. त्यामुळे भारतात विकले जाणारे टीव्ही ५० हर्ट्झचं चित्र बिनतक्रार घेतात आणि ब्रिटिश डीव्हीडी आपल्याकडे जशीच्या तशी, एकेक चौकट शाबूत ठेवून चालते. अमेरिकी डीव्हीडीत मात्र २५ चौकटींचं जवळपास ३० च्या चालीत रूपांतर केलेलं असतं. रेषा ५७६ च्या ४८० होतात आणि दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या तर चालणाऱ्या माणसामागे त्याचंच फिकट भूत चालतं. पुण्या-मुंबईत राहून अमेरिकी डीव्हीडी घेणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवणं. न्यू जर्सीतल्या मंडळींची गोष्ट उलटी आहे. तिथले अनेक टीव्ही आणि प्लेअर ५० हर्ट्झ घेतच नाहीत, त्यांना तिकडचीच आवृत्ती बरी.

ब्लू-रेमध्ये हाच गुंता वेगळ्या रूपात येतो. ब्लू-रेच्या नियमांत सेकंदाला २५ पूर्ण चौकटींची, १०८० रेषांची १०८०पी बसत नाही. मग कंपन्या दोनपैकी एक करतात. एक म्हणजे तीच चित्रं १०८०आय, ५० हर्ट्झमध्ये भरायची. ‘आय’ बघून नाक मुरडू नका. एकाच चौकटीचे दोन अर्धे भाग लागोपाठ पाठवलेले असतात, बरा टीव्ही ते जोडून पूर्ण चौकट परत उभी करतो. दुसरा उपाय म्हणजे सगळं थोडं संथ करून २४ चौकटींवर आणायचं. मग कथा चार टक्क्यांनी लांबते. अडीच तासांत सव्वासहा मिनिटांची भर पडते, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सगळी पात्रं किंचित जड, सर्दी झाल्यासारखी बोलतात. म्हणून दोन आवृत्त्यांच्या कालावधीत चार टक्क्यांचा फरक दिसला तर ‘इकडे दृश्यं कापली’ असा निष्कर्ष काढू नका, आधी भागाकार करून बघा. मी निवडणार ती ५० हर्ट्झची.

आणखी एक भागाकार. डीव्हीडीचा एक थर ४.७ जीबीचा, दोन थर ८.५ जीबीचे. वेष्टनावर डिस्कची संख्या आणि एकूण मिनिटं असतात. दोन थरांच्या एका डिस्कवर २०० मिनिटं असतील तर चित्राला सेकंदाला साधारण साडेपाच मेगाबिट माहिती मिळते आणि चित्र नीट राहतं. एका थरात चार तास कोंबले असतील तर अडीचच मेगाबिट उरतात, आणि मग धुक्यातल्या रस्त्यावर चौकोनी ठोकळे नाचतात. ‘संपूर्ण मालिका फक्त तीन डिस्कमध्ये’ ही जाहिरात म्हणजे तक्रारीचं कारण आहे. डीव्हीडीवरच्या चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळू शकतात, ब्लू-रेला ४०, आणि फिल्मच्या दाण्याला हे मोकळं अंगण लागतं.

शेवटी ४:३ किंवा १.३३:१ लिहिलंय ना तेवढं बघा. १९८४ च्या मालिकेवर १६:९ लिहिलं असेल तर वरून-खालून कात्री लागली आहे. पैसे ठेवून द्या.

जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून घेत असाल तर डिस्क उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते, दोन थरांची थोडी सोनेरी झाक मारते, आणि मधल्या भोकाभोवतीच्या पट्टीवर बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात. जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर ती घरी जाळलेली नक्कल. माझ्याकडे असा एक देखणा संच आहे, वेष्टन अगदी अस्सल आणि आत जांभळ्या डिस्क. विकणारा म्हणाला, “मॅडम, चालते ना? मग?”

चौथी पायरी: डिस्क आली, आता तपासणी

पूर्ण मालिका बघून मत बनवायची गरज नाही. दिवे मंद करा, अर्धा तास काढा आणि ही ठिकाणं बघा.

शीर्षकांतली हाताने काढलेली गावाची चित्रं पहिली. बारीक रेघा स्थिर आहेत की थरथरतात? थरथरत असतील तर प्लेअर किंवा टीव्ही दोन अर्धे भाग नीट जोडत नाही. एचडीएमआय केबल वापरून बघा, तरी थांबलं नाही तर प्लेअर बदलून बघा. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघत असाल आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसत असतील तर व्हिडिओच्या मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘यादिफ’ (Yadif) हा पर्याय निवडा. मात्र शीर्षकांच्या मऊपणावरून डिस्कला नावं ठेवू नका. अक्षरं चढवलेली आणि एकातून दुसऱ्यात विरघळणारी दृश्यं फिल्मच्या जमान्यात दुसऱ्या पिढीच्या प्रतीवर, म्हणजे मूळ फिल्मच्या नकलेवर, बनायची. ती विरघळताना मऊ होतात आणि विरघळणं संपलं की चित्र टचकन उभं राहतं.

मग ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट. ही माझी लाडकी परीक्षा. बारीक चौकडीच्या कोटावर लाल-निळी इंद्रधनुष्यं सरकताना दिसली तर समजा, डिस्क जुन्या टेपवरून बनली आहे. पालच्या जुन्या संमिश्र सिग्नलमध्ये रंग आणि तपशील एकाच तारेतून जायचे. यंत्राला कापडाची वीण आणि रंग यांतला फरक कळायचा नाही आणि ते विणीलाच रंग समजायचं. हा डाग मुळातच बसलेला असतो, तो घरी निघत नाही. फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेल्या प्रतीत तो कोट नुसता कोट दिसतो. इंग्रज खेड्यातल्या खूनकथेत ट्वीडची टंचाई नसते, त्यामुळे पुरावा पाच मिनिटांत मिळतो.

मिस मार्पल विणकाम करतात ते दृश्य थांबवा. लोकरीचे टाके वेगळे दिसतात का, गालावरची बारीक लव दिसते का? दिसत नसेल आणि टीव्हीचं नॉइज रिडक्शन तुम्ही बंद केलं असेल, तर घासपूस डिस्क बनवतानाच झाली आहे. आणखी एक खूण म्हणजे दाणा हलत नाही, मच्छरदाणीसारखा एका जागी चिकटतो आणि माणसं त्याच्यामागून चालतात.

रात्रीचं एक दृश्य बघा. काळा कोट काळ्या अंधारात पूर्ण बुडाला तर टीव्हीची ‘ब्राइटनेस’ एकेक घर वर न्या, कोटाची घडी जेमतेम दिसेपर्यंतच. अंधार राखाडी झाला की एक घर मागे. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ बंद ठेवा. कॅमेरा कुंपणाच्या झुडपांवरून सरकतो तेही बघा, कारण हजार पानं एकदम हलली की कमी मेगाबिटची डिस्क हिरवा चिखल करते.

स्ट्रीमिंगवर बघणार असाल तर यातलं ट्वीड आणि विणकाम तेवढं पुरे. फक्त टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ सारखी सोय असेल तर ती चालू करा. नाहीतर २५ चौकटींचं चित्र ६० हर्ट्झमध्ये बसवताना सायकलवरचे पाद्रीबाबा झटके खात जातात.

आवाज आणि पाऊस

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. साउंडबारला ‘सराउंड’ करायला लावू नका, संवाद घुमतात. साधा स्टीरिओ ठेवा. सबटायटल्स आहेत का ते मात्र घेण्याआधी बघा, जुन्या डीव्हीडींवर कधी कधी नसतात. इंग्रजी चांगलं असलं तरी मोलकरणीची आणि माळ्याची बोली पहिल्या फटक्यात कळत नाही, आणि ख्रिस्तीच्या कथेत मोलकरीण उगाच बोलत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स मिळाली तर उत्तम, त्यात दार वाजल्याचीही नोंद असते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशीचा धुरकट पट्टा चढतो. मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेघेत पुसा, गोल गोल फिरवून नाही. मधून बाहेर जाणारा सरळ ओरखडा प्लेअर पुष्कळदा निभावून नेतो, गोलाकार ओरखड्यावर मात्र अडकतो. डिस्क उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनातल्या डिस्क आधी बाहेर काढा. ओल पुठ्ठाच धरून ठेवतो.

आईला मी पुन्हा बसवलं, या वेळी सगळं बंद-चालू करून. अर्ध्या तासाने ती पुढे वाकली आणि म्हणाली, “थांब, मागे घे जरा. त्या मुलीचे हात परत दाखव.”